मोकळी गाडी

मागून खाली बसलेली माझी छोटी गाडी बघून शौकत मेस्त्री म्हणाले, "मॅडम, हिच्यात दगड भरता काय?"

"लोखंडी वजनं. डोंगरावरच्या वाडीत मुलींना वेटलिफ्टिंग शिकवते. पोरींनी असलं उचलू नये म्हणून सरपंच वजनं ठेवायला खोली देत नाहीत. मग प्रत्येक वेळी नेते आणि परत आणते."

"जाड स्प्रिंगा घालतो, मग कितीबी लादा. पण मोकळी चालवली तर खड्ड्याखड्ड्याला कंबरेत दणका बसंल."

"मोकळी चालवणारच नाही. घाला."

त्यानंतर ओझ्यासकट गाडी चढ चढायला लागली. सरपंच भेटले की विचारायचे, "दमला नाहीत अजून?" मी म्हणायचे, "गाडीला विचारा."

काल सरावानंतर मी आणि मुली वजनं गाडीत भरत होतो, तेवढ्यात सरपंचांची बायको समोर येऊन उभी राहिली. "आमच्या खोलीतली पोती सरकवलीत. हे सगळं आता तिथंच राहू द्या. माझी नात पहाटे उठून उचलायचं म्हणती." ओट्यावर बसलेल्या सरपंचांनी पाय आखडून वाट करून दिली.

उतरताना गाडी पहिल्यांदाच मोकळी होती. खड्ड्याखड्ड्याला कंबरेत दणका बसत होता. मी वेग कमी केला नाही.