निळं कापड

तिसरीचा वर्ग सहामाहीभर नदीच शिकत होता. गणितात तिची खोली, चित्रकलेत तिचे काठ. शेवटी सगळ्यांनी मिळून नदीवरचं नाटक बसवलं. लेकीच्या वाट्याला आलं निळ्या कापडाचं टोक धरून पडद्याआडून लाटा उठवायचं काम. आईचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे तू दिसणारच नाहीस?" प्रयोगाच्या दिवशी नावाडी मधोमध पोहोचला आणि कापड खिळ्याला अडकलं. नदी थांबली. नावाडी संवाद विसरला. प्रेक्षकांत हशा पिकला. तेवढ्यात कापडाखालून कुणीतरी सरपटत खिळ्यापर्यंत गेलं आणि नदी पुन्हा उसळली. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. नाटक संपल्यावर लेक धावत आली, केसांत धूळ, कोपर सोललेलं. "आई, टोक मैत्रिणीकडे दिलं आणि मी आत घुसले!" शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी विचारलं, "तुमची मुलगी कोण झाली होती?" लेकीला जवळ ओढत आई ऐटीत म्हणाली, "नदी!"