चार घड्या

छपराखालच्या भोकातून उदमांजर माळ्यावर शिरलं होतं, आणि माळ्याची झडप तिच्या मुलीच्या खाटेच्या बरोबर वर होती.

"आत पिल्लं अडकून मरायला नकोत," भोक बंद करायला बोलावलेले सुतारकाका म्हणाले. "भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबा. आत कोणी असेल तर बोळा बाहेर ढकलेल. जागेवर राहिला, तर माळा रिकामा."

तिने कागदावर निळ्या शाईने तारीख घातली आणि त्याचा बोळा करून कोंबला. सकाळी कागद अंगणात पडला होता. सुरकुत्या हाताने साफ केल्यासारख्या, आणि नीट चार घड्या घातलेल्या.

"फारच टापटिपीचं जनावर हो, ताई!" काका हसले.

तिला हसू आलं नाही. पुढचे दोन दिवसही तेच झालं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी उदमांजर दोन पिल्लांना घेऊन कुंपणापलीकडे गेलेलं तिने स्वतः पाहिलं. तिने लगेच तारीख घातलेला नवा बोळा कोंबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका शिडीवर चढले. "बोळा आत घसरलेला दिसतोय, पण बाहेर कोणी ढकललेला नाही, ताई. सुटलात एकदाच्या!" त्यांनी भोकावर फळी ठोकायला घेतली.

तिचा जीव भांड्यात पडला. मुलीला सांगायला ती आत गेली.

माळ्याची झडप वीतभर उघडी होती. मुलगी खाटेवर बसली होती, मांडीवर चार घड्यांचा कागद. कोपऱ्यात निळ्या शाईत कालची तारीख.

"आई, हा तुझा ना?" मुलगी म्हणाली. "वरून माझ्या हातात दिला."

बाहेर काका शेवटचा खिळा ठोकत होते.