ठेंगणा पूल

"हेड्स डाउन!" बोटवाली ओरडली आणि कालव्यातल्या त्या छोट्या बोटीतली सगळी डोकी गुडघ्यांकडे झुकली. एक सोडून.

नागपूरहून आलेले राजाराम ताठ बसले होते. दगडी कमान हळूहळू जवळ येत होती.

"बाबा, वाका ना प्लीज, डोकं आपटेल!" त्यांच्या लेकीचा, उपासनाचा जीव टांगणीला लागला. शिकागोजवळच्या या जुन्या पुलाची दुरुस्ती तिनेच डिझाइन केली होती. पूर्वी खेचरं ज्या काठावरून बोटी ओढायची, ती वाट पुलाखाली खचून बंद झालेली. कमानीचं काम बघायचं तर पाण्यातूनच. आणि बाबा उद्या परत निघणार. महिनाभर त्यांचं एकच पालुपद, "एवढी इंजिनिअर झालीस, अन् जुन्याला ठिगळं लावतेस?" एकदा त्यांनी चांगलं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

"मी विहारात वाकतो. बाकी कुठं नाही."

"अहो बाबा, पूल आहे तो, गावचा जमीनदार मालगुजार नाही! त्याला काय कळतंय कोण वाकलं?"

"मला कळतं ना."

म्हातारा हट्टी खरा, पण वेडा नव्हे. राजारामांनी चष्मा सावरला आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टानिशी खालच्या फळ्यांवर सरळ उताणे झाले. उपासनाने हुश्श केलं आणि स्वतः वाकली.

कमानीखाली गार अंधार होता. सगळे आपापले बूट बघत होते.

"हे पांढुरके दगड तू बसवलेस?" खालून आवाज आला.

"हो. काळे ते जुने."

"रंग फासून एकसारखे नाही केले?"

"आमच्या कामात लपवत नाहीत, बाबा. नवं ते नवं दिसायला पाहिजे."

राजाराम एकेक दगड न्याहाळत राहिले. ऊन आलं, माना वर झाल्या. कोणीतरी राजारामांना उठवायला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"उठा बाबा, गेला पूल."

"बोट परत याच्याच खालून येते ना?"

"हो, पुढे वळून."

"मग राहू दे मला असंच. चांगलं झालंय. अर्धी कमान बघायची राहिली."

उपासनाला हसू आलं आणि डोळेही भरले. पर्स उशाला घेऊन तीही त्यांच्या शेजारी आडवी झाली.