पांढरा पंजा
डिजिटल फळा बसवला, तेव्हाच भूगोलाच्या बाईंनी त्याचा धसका घेतला होता. आज जमलं नाही, तर सरळ राजीनामा, असं ठरवूनच त्या वर्गात शिरल्या. धीराला डाव्या मुठीत खडू होताच. जगाचा नकाशा उघडला. मग जुन्या फळ्यावर टेकायच्या तसा त्यांनी डावा तळहात टेकला आणि अख्खं जगच घसरलं. देश वाहून गेले, उरला नुसता निळा समुद्र. सगळी पोरं खिदळली. "बाई, जमीन खरंच अशी सरकते?" पहिल्या बाकावरच्या चिमुरडीने विचारलं. बाई राजीनामाच विसरल्या. "सरकते तर! आत्ताही सरकतेय, आपल्याला कळू न देता." पोरांनी गुपचूप बाकं घट्ट धरली. तास संपला, फळा विझला. काळ्या काचेवर खडूचा पांढरा पंजा उमटलेला होता. चिमुरडीने त्यावर आपला इवलासा तळहात टेकला, डोळे मिटले. "बाई, सरकतेय!" ती कुजबुजली.