बंद कंपनीचा खेळ

कुमुदने रेश्माच्या कृत्रिम डोळ्यांत आपल्या खेळाची प्रत उतरवायला घेतली. दोघींचेही डोळे एकाच कंपनीचे. फुलपाखरं पकडायचा कंपनीचा खेळ खेळल्याशिवाय मेंदूला त्या डोळ्यांनी बघणं जमत नसे. रेश्माला खेळ मिळण्याआधीच कंपनी बुडाली. आता खेळाचा नवा मालक सापडेपर्यंत त्याची प्रत दुसऱ्याला देणं गुन्हा होता, आणि मालक कोण हे कोर्टालाही ठाऊक नव्हतं.

“ताई, कंपनी बुडाली तरी तिची यंत्रणा चालूच आहे. तिला कळलं तर ती तुमचे डोळे बंद करील.”

“तुझ्या बाळाला पाहिलंस का अजून?”

“नाही. नुसता तोंडावरून हात फिरवते.”

“मग गप्प खेळ.”

रेश्मा दुपारभर हवेत हात मारत राहिली. मग एकदम थबकली आणि मांडीवरच्या बाळाकडे वाकली.

“अगं बाई, याच्या हनुवटीला खळी आहे!”

त्याच वेळी कुमुदच्या नजरेसमोर तांबडी अक्षरं उमटली : विनापरवाना प्रत. दृष्टी रद्द. कडेकडेने अंधार आत सरकू लागला.

“ताई, काय झालं?”

“काही नाही. त्याला जरा इकडे धर,” कुमुद घाईने म्हणाली, “मलाही बघू दे.”