दोन बटनांचा कमोड

सासूबाईंचे गुडघे गेले, तसा मी घरातला जुना संडास फोडून कमोड बसवून घेतला. दुकानदार साधा दाखवून राहिला होता, पण कमी पाण्याचं छोटं बटन आणि जास्त पाण्याचं मोठं, असा दोन बटनांचाच पाहिजे म्हणून मी अडून बसले. "पाणी वाचवते अन् सासूलेही जपते, सून असावी तर अशी," असं सगळा पारा, सगळा मोहल्ला म्हणू लागला.

बावीस वर्षांपूर्वी, लग्नानंतर माझे बाबा पहिल्यांदाच दुर्गहून भेटायला आले होते. तेव्हा त्या जुन्या संडासाला उंचावर टाकी आणि साखळी होती. मी बाहेर आले, तर सासूबाई बाबांसमोरच मोठ्याने म्हणाल्या, "काहून वं, एक नंबरलाच गेली होती ना? मग साखळी काहून ओढली? तुह्या बापाची विहीर आहे का?" बाबांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. ते पुन्हा कधी आमच्याकडे आले नाहीत.

काल नागपूरहून सासूबाईंचे सख्खे भाऊ आले. मी त्यांच्या हातात चहा दिला. सासूबाई संडासातून निघून, भिंत धरत धरत त्यांच्यासमोर येईपर्यंत मी थांबले, आणि मग मोठ्याने विचारलं,

 

"काहून जी आई, एक नंबरलाच गेल्या होत्या ना? मग मोठं बटन काहून दाबलं? तुमच्या बापाची विहीर आहे का?"