दुसरा खर्डा

तिला कॉलेजच्या अर्जासोबत 'माझं घर' या विषयावर निबंध जोडायचा होता. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक, दुसऱ्यांच्या चुका काढण्यात त्यांचा हातखंडा. आई गेल्यापासून बापलेकीचं बोलणं म्हणजे फ्रिजवरच्या चिठ्ठ्या: 'दूध आण', 'मला उशीर होईल', 'किल्ली शेजारी आहे'.

तिने निबंधही तिथेच चुंबकाखाली लावून ठेवला. लिहिताना तिने काहीच हातचं राखलं नव्हतं. समोर बसून मुकाट जेवणारे वडील, भिंतीपलीकडून ऐकू येणारा त्यांचा खोकला, सगळं आहे तसं उतरवलं होतं.

सकाळी ती उठली तेव्हा बाबा कामावर गेले होते आणि निबंध तपासून पुन्हा फ्रिजवर लागला होता. खाली लाल शाईत शेरा होता: 'भाषा सुरेख. फक्त यातले वडील खरे वाटत नाहीत. पोटच्या पोरीसमोर असा मूग गिळून बसणारा बाप कुठे असतो का? दुरुस्त कर.'

तिने दुरुस्त केलं.



आता निबंधातले बाबा रोज जेवताना तिला विचारतात, “आज गप्प गप्प का गं?”